ताईला कविता समजेनाशी झाली तेव्हा

प्रिय ताई,

रविवारी आपल्या विहारात तुझ्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. तुझ्या शाळेतले शिक्षक होते, जुने विद्यार्थी होते, कुहीहून मावशी आली होती. सगळे चांगलं बोलले. सुजाताबाई कविता शिकवायला लागल्या की मधल्या सुट्टीची घंटा झालेली आम्हाला कळायची नाही, असं तुझा एक विद्यार्थी म्हणाला. तो आता स्वतः कॉलेजात मराठी शिकवतो. तुमच्या मोठ्या बाई तर बोलता बोलता रडल्याच.

पण ताई, त्या सगळ्यांच्या बोलण्यात तू दोन वर्षांपूर्वीच संपत होतीस. तुला झटका आला त्या दिवसापाशी येऊन प्रत्येक जण थांबायचा. "नंतर दुर्दैवानं बाई आजारी पडल्या," एवढं म्हणायचा आणि खाली बसायचा. त्यानंतरची दोन वर्षं कोणालाच नको होती. माझ्याही हातात माईक दिला होता. मी सगळ्यांचे आभार मानले आणि बसलो. सांगणार तरी काय होतो?

म्हणून हे पत्र लिहून राहिलो. मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे खुळेपणा आहे, हे मला कळतं. पण ती दोन वर्षं तू आणि मी सोबत काढली. ती कुठंतरी लिहिलेली असावी, आणि ती लिहायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला सापडलं नाही.

सुरुवात मात्र मीही जुन्या दिवसांपासूनच करतो.

मी दहावीला होतो तेव्हा आपण सक्करदऱ्याला तलावाजवळ एका खोलीत राहायचो. बाबा माझ्या लहानपणीच वारले होते. आई गावी कुहीलाच होती, लोकांच्या धानाच्या शेतात रोवणीला जायची. तू शिकून शाळेत लागलीस आणि मला नागपूरला घेऊन आलीस. माझी बहीण होतीस, पण शाळेच्या कागदावर पालक म्हणून सही तूच करायचीस. मला गणित यायचं, विज्ञान यायचं. कविता मात्र मला खोटारडेपणा वाटायची. डोंगरानं संध्याकाळ पांघरली, अशी एक ओळ होती पुस्तकात. मी पुस्तक फेकून दिलं.

"डोंगर काय पांघरते वं ताई? त्याले काय थंडी वाजून राहिली?"

तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "तुले भूक लागली काय?"

"लागली ना. पोटात कावळे ओरडून राहिले."

"किती आहेत?"

"काय?"

"कावळे. काळेच आहेत, की एखादा पांढराही आहे?"

मी तुझ्याकडे बघतच राहिलो. मग हसलो. तूही हसलीस. म्हणालीस, "बघ. तू कवी आहेस अन् तुले माहीतच नाही. भूक लागली एवढं म्हणून तुझं भागलं नाही. ती भूक मले दिसावी, ऐकू यावी, म्हणून तू कावळे आणले. तू खोटं बोलला काय? नाही ना. मग डोंगरवाला काहून खोटारडा?"

त्या दिवशी मला कविता समजली. आवडायला अजून वेळ लागला, पण समजली. मी पुढे कवितेच्या वाटेला गेलो नाही. सावनेरला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात लागलो आणि अजून नागपूरहून तिथेच जातो-येतो. पण आयुष्यभर कोणी काही बोललं की त्या बोलण्याच्या मागे काय उभं आहे, हे बघायची सवय मला तुझ्यामुळे लागली. शालूला पाहायला गेलो तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "पोरगी आमची जरा तिखट आहे." मी म्हटलं, मला चालते. लग्नानंतर तू ते सगळ्यांना सांगत फिरलीस.

तू स्वतः कविता लिहायचीस. फार कोणाला दाखवायची नाहीस. आई थकली, आपल्याजवळ राहायला आली आणि मग एका उन्हाळ्यात मरण पावली, त्यानंतर तू तिच्यावर एक कविता केलीस. तेवढी एकच तू छापायला दिलीस. मला ती पाठ आहे.

माझ्या आईच्या पाठीवर
उन्हानं घर बांधलं,
त्या घराच्या सावलीत
आम्ही मोठे झालो.

एवढीच. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा बसमध्ये होतो आणि खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. आईची ती भाजलेली, काळी पडलेली पाठ मी लहानपणापासून बघितली होती. पण ती पाठ आपलं छप्पर होती, हे मला तुझ्या चार ओळींनी सांगितलं.

आता पुढचं.

हिवाळा होता. तू शाळेत जायची तयारी करत होतीस. शालूनं तुझा आवाज ऐकला. "शालू, माझा डावा हात कुठं आहे वं?" ती धावत आत आली तर तू पलंगावर एका बाजूला कलली होतीस. हात तुझ्याच मांडीवर पडलेला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला आहे. डावा हात-पाय गेला, पण चालता येईल हळूहळू. वाचा शाबूत आहे. ही बातमी ऐकून आम्ही सगळे किती सुखावलो होतो. मास्तरीण बाई आणि वाचा शाबूत, अजून काय पाहिजे? मी बाहेर येऊन सगळ्यांना फोन केले. ताई बोलते, ताई सगळ्यांना ओळखते, असं सांगत सुटलो.

मोठ्या बाई भेटायला आल्या. तुझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सुजाता, तू तर वाघीण आहेस. असल्या आजाराला तू घाबरणार आहेस का?"

तू म्हणालीस, "मी वाघीण नाही. मी सुजाता आहे."

सगळे हसले. मीही हसलो. तुझी थट्टा करायची सवय सगळ्यांना माहीत होती. तू मात्र हसली नव्हतीस. तू एकेकाच्या तोंडाकडे बघत होतीस, हे मला नंतर आठवलं.

घरी आणल्यावर मग रोज काहीतरी व्हायला लागलं. एकदा शालू आमच्या पोरीवर, मैत्रीवर, ओरडली, "पोट्टी डोक्यावर बसली आहे माझ्या." तू मान वळवून दोघींकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ती तर खुर्चीवर बसून राहिली." मैत्री खिदळली. तिला वाटलं आत्या आपल्या बाजूनं बोलली. मग तिनं तुझा चेहरा बघितला आणि गप्प झाली. कोणी म्हटलं पाऊस कोसळला, तर तू विचारायचीस, कोणाच्या अंगावर? कोणी म्हटलं बाजारात आग लागली आहे, तर तू घाबरून उठायला बघायचीस. टमाटे महाग झाले, एवढंच सांगायचं होतं त्याला.

वाचेचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, चांगली होती. तिनं तुला काही चित्रं दाखवली, काही वाक्यं विचारली. मग माझ्याशी बोलायला लागली. "सर, मॅडमना शब्द समजतात. शब्दाच्या आडून जे म्हणायचं असतं ते समजत नाही. उजव्या मेंदूचं ते काम असतं. तिथला फ्यूज उडाला आहे असं समजा."

तू पलंगावरून म्हणालीस, "लाईट तर चालू आहे. कुठचा फ्यूज?"

त्या मुलीनं आपल्या पिशवीत चित्रं भरली. मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो आणि विचारलं, बरं होईल का? ती म्हणाली, थोडंफार परत शिकवता येतं. किती, ते सांगता येत नाही.

ताई, तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर? माझ्याकडून हिशेब, आकडे हिरावून घेतले असते, तर मी रडलो असतो, पण समजू शकलो असतो. तुला सोडून तुझी ती एकच गोष्ट का जावी? तू आयुष्यभर पोरांना जे शिकवलंस, तेवढंच नेमकं कोणी काढून घ्यावं? याचं उत्तर नाही, हे मला माहीत आहे. रक्ताची नळी कुठं फुटते याला काही अर्थ नसतो. तरी विचारतो.

मग मी तुला शिकवायला बसलो. सावनेरहून आलो की चहा घेऊन तुझ्याजवळ बसायचो. तुझ्याकडून शिकलो होतो तेच परत तुला सांगायचं, दुसरं मला येत कुठं होतं?

"ताई, भूक लागली की मी लहानपणी काय म्हणायचो?"

"जेवायला दे म्हणायचा."

"तसं नाही वं. पोटात कोण ओरडते म्हणायचो?"

तू विचार केलास. "पोटात कोणी ओरडत नाही, मिलिंद. पोटात आतडी असते."

"कावळे, ताई. कावळे ओरडते म्हणायचो. अन् तू विचारलं होतं, किती आहेत म्हणून."

"मी असं काहून विचारीन?"

तू खोटं बोलत नव्हतीस, हट्टही करत नव्हतीस. तुला खरंच कळत नव्हतं की एका शिकलेल्या बाईनं असं काही का विचारावं.

आपण पाठांतर केलं. पोटात कावळे ओरडणे म्हणजे भूक लागणे. डोक्यावर बसणे म्हणजे लाडावणे. आग लागणे म्हणजे महाग होणे. तुझी स्मरणशक्ती चांगली होती. तू पाढ्यासारखं म्हणून दाखवायचीस. एका संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकवत आलीस आणि म्हणालीस, "शालू, माझ्या पोटात कावळे ओरडून राहिले." शालूच्या हातातली पळी खाली पडली. मैत्रीनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं. मी बाहेर जाऊन गरम जिलबी आणली.

जिलबी खाता खाता तू मला विचारलंस, "म्हणजे भूक लागली. बरोबर सांगितलं ना मी?"

"बरोबर सांगितलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, तू दवाखान्यात होती तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता." हे आपल्या पाठातलं नव्हतं. तू जिलबी खाली ठेवलीस आणि भिंतीवरच्या खुंटीकडे बघितलंस.

त्यानंतरही आपण थांबलो नाही. पण मी मनातून थांबलो होतो.

तुला शाळेत जायचं होतं. तुला चालता येत होतं, बोलता येत होतं, वाचता येत होतं. तुझ्या मते तुला काहीच झालेलं नव्हतं, हाताचा त्रास सोडला तर. मोठ्या बाई म्हणाल्या, एक तास घेऊन बघू द्या, कदाचित वर्गात उभी राहिली की सगळं परत येईल. मलाही तसंच वाटलं. मी रजा टाकली, तुला स्कूटरवर बसवून नेलं आणि वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहिलो.

पोरं उभी राहिली. तू त्यांना बसवलंस. आवाज तोच होता, बरं का. घरी तू आपल्या बोलीत बोलायचीस आणि वर्गात पाय ठेवला की अगदी पुस्तकी मराठी, ते तसंच होतं. तू कविता मोठ्यानं वाचलीस. नदीच्या मांडीवर गाव झोपलं आहे, अशी त्यात ओळ होती. वाचून झाल्यावर तू थांबलीस. मी खिडकीतून बघत होतो.

"येथे कवीची चूक झाली आहे," तू म्हणालीस. "नदीला मांडी नसते. गावही झोपत नाही, गावातली माणसे झोपतात. नदीकाठी गाव आहे, रात्र आहे आणि माणसे झोपली आहेत, असे लिहायला हवे होते. चूक पेन्सिलने दुरुस्त करून घ्या."

कोणीही हसलं नाही, ताई. आठवीची पोरं ती, एरवी भिंतीवरची पाल पाहून हसतात. काहींनी पेन्सिली काढल्या. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि फार हळू म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतं, की नदी आईसारखी आहे म्हणून..."

"नदी पाण्याची असते," तू म्हणालीस. "बस खाली."

बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "पोट्ट्याईले कोणीतरी चुकीचं शिकवून राहिलं." मी मान हलवली. मोठ्या बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. त्या तुझ्याशी बोलायला पुढे आल्या नाहीत. महिन्याभरात तुझ्या निवृत्तीचे कागद झाले. तुला ते का झाले, हे मी समजावू शकलो नाही. मी हाताचं कारण सांगितलं.

लोक मला म्हणायचे, त्यांना आतून सगळं समजत असेल. मला अशा बोलण्याचा फार राग यायचा. आतून म्हणजे कुठून? मी रोज तुझ्या समोर बसत होतो. तुला समजत नव्हतं. तुला एवढंच समजायचं की सगळे हसतात आणि आपण हसत नाही, सगळे गप्प होतात आणि आपल्यामुळे होतात. तू एकदा म्हणालीस, "लोकं माझ्याशी जपून बोलून राहिले गा. काहून?" खरंच, आम्ही जपून बोलायला लागलो होतो. शब्द तपासून, सपाट करून. मग हळूहळू कमी बोलायला लागलो. उपमा, रूपक हे सगळं कवितेतली नक्षी असते असं मी समजायचो. घरात वापरायचं बंद केल्यावर कळलं, की माणूस माणसाशी बोलतो तेव्हा निम्मं तेच असतं. मैत्रीशी तुझी थट्टा, शालूशी तुझे टोमणे, माझ्या तक्रारी, सगळं त्यातच होतं. ते निघून गेल्यावर उरलं काय? गोळी घेतली काय, पाणी पाहिजे काय, कूलर लावू काय.

आणि मग ती कविता.

तुझा तो कॉलेजात शिकवणारा विद्यार्थी घरी आला होता. त्याला एका अंकासाठी तुझी आईवरची कविता परत छापायची होती. त्यानं ती टाईप करून आणली होती. तू कागद हातात घेतलास आणि चारही ओळी नीट, मोठ्यानं वाचल्यास. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. क्षणभर मला वाटलं, झटका, दवाखाना, काही झालंच नाही.

"कोणी लिहिलं हे?" तू विचारलंस.

"बाई, तुम्ही."

"मी? असं काहून लिहीन मी?" तू माझ्याकडे वळलीस. "मिलिंद, आईच्या पाठीवर कोणी घर बांधलं होतं काय?"

"नाही, ताई."

"मग आईची पाठ मोडली असती ना. तिले किती लागलं असतं." तुझा आवाज बदलला. "ती मेली तेव्हा आपण आंघोळ घातली तिले. मी पाठ पुसली. काही नव्हतं पाठीवर. होतं काय?"

"काही नव्हतं."

"मग मी आईबद्दल खोटं लिहिलं," तू म्हणालीस. "हे छापू नका तुम्ही."

तू रडायला लागलीस. झटक्यानंतर मी तुला पहिल्यांदा रडताना बघितलं. तो विद्यार्थी उठून माझ्या जवळ आला आणि पुटपुटला, बघा, कवितेचं दुःख पोचलं त्यांच्यापर्यंत. पण ताई, कविता पोचली नव्हती. कविता पोचली असती तर तू अशी रडली नसतीस. तू रडत होतीस कारण तुला वाटलं, तू आपल्या आईबद्दल खोटं बोललीस, आणि तेही छापून.

दुसऱ्या दिवशी तू कपाटातून तुझ्या सगळ्या कविता काढायला सांगितल्यास. पेपर तपासायचा लाल पेन मागितलास. तू टेबलाशी बसून एकेक कविता दुरुस्त करायला लागलीस. उजवा हात चांगला होता तुझा. ओळ खोडायचीस, गच्च खोडायचीस, खालचं अक्षर दिसणार नाही असं, आणि वर बारीक अक्षरात बरोबर वाक्य लिहायचीस. शालू मला म्हणाली, लपवून ठेवा हो ते, सगळं नासून राहिलं. पण कोणाचं होतं ते? तुझं होतं. तुला ते चुकीचं वाटत होतं, आणि चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय राहायचं नाही, असाच तुझा स्वभाव. मी तुझ्या हातातून पेन काढून घेतला असता, तर तुला सांगणार काय होतो? की तू आता वाचायच्या लायकीची राहिली नाहीस?

आईच्या कवितेवर तू लिहिलंस, "आई उन्हात काम करायची. तिची पाठ भाजायची. आम्ही मोठे झालो."

मी ते अनेकदा वाचलं. रविवारी तो कागद दाखवला तेव्हा, यातही कविता आहे, असं मला एक जण म्हणाला. नाही. तू चांगली असतीस तर तूच म्हणाली असतीस की नाही. ती तीन खरी वाक्यं आहेत. त्यांत सावली नाही.

इथं मात्र मला तुझ्यावर रागवायचं आहे. इतक्या वर्षांत अजून चार कविता छापायला दिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं की तू म्हणायचीस, "अजून पिकल्या नाही गा." कधी पिकणार होत्या त्या? आता एक सोडली तर कुठलीच वाचता येत नाही. मी उजेडासमोर धरून बघितलं. कुठं "चांदणं" असा शब्द दिसतो, कुठं "पदर", बाकी लाल रेघा.

या उन्हाळ्यात दुसरा झटका आला. या वेळी डॉक्टर फार बोलले नाहीत. तू शुद्धीवर होतीस, पण श्वास जड होता. लोक दवाखान्यात भेटायला यायला लागले. मावशी पलंगाजवळ उभी राहून म्हणाली, "आता दिवा मिणमिणून राहिला." तू खोलीतल्या ट्यूबलाईटकडे बघितलंस. मोठ्या बाई आल्या. त्यांचा जीव होता तुझ्यावर, त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं, "सुजाता, आता पुढच्या प्रवासाची मनातून तयारी करायची बरं. घाबरायचं नाही."

त्या गेल्यावर तू शालूला म्हणालीस, "माझी सुती साडी ठेव वं पिशवीत. अन् गोळ्या. किती दिवसाचं आहे, विचारलं काय?"

शालूनं खरंच पिशवी काढली. त्यात साडी ठेवली, टॉवेल ठेवला, गोळ्या ठेवल्या. मग ती बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, आत येईना.

तू मला जवळ बोलावलंस.

"मिलिंद, मले कुठं नेऊन राहिले गा? कोणी सांगत नाही."

"कुठंच नाही, ताई."

"मग त्या प्रवासाचं काय म्हणत होत्या?"

मी शब्द शोधले. मला जे जे सुचत होतं ते सगळं आडून बोलणं होतं. निरोप, वाट, झोप, शांती. एवढी मोठी मराठी भाषा, आणि तुला सांगण्यासारखा एकच शब्द तिच्यात होता. तो तोंडातून निघत नव्हता.

"ताई, तू मरणार आहे. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस.

"हो काय," म्हणालीस.

"हो."

"मग असं सांगायचं ना. काहून सारे प्रवास प्रवास करून राहिले?"

"मरण म्हणायले लोकाईले भेव वाटते."

"म्हटल्यानं कोणी मरते काय?"

"नाही मरत."

मग विचारलंस, "दुखते काय मरताना?"

"मले माहीत नाही, ताई."

"मले भेव लागून राहिलं."

"मलेही."

"माझा हात धर. तो नको, त्या हाताचं मले समजत नाही. हा धर."

मी तुझा उजवा हात धरून बसलो. पूर्वीची तू असतीस तर अशा वेळी तूच मला काही सांगितलं असतंस. एखादी ओळ, एखादं चित्र, जे धरून मला घरी जाता आलं असतं. आणि तुला देण्यासारखंही माझ्याजवळ काही नव्हतं. पोराला अंधाराची भीती वाटली तर त्याला सांगता येतं, चांदोबा बघून राहिला. तुला काय सांगायचं? भीती होती आणि हात होता. तिसरं काही नव्हतं.

त्यानंतर तू फार बोलली नाहीस. एकदा पाणी मागितलंस. एकदा मैत्रीचा निकाल लागला काय विचारलंस. मग नाही.

यातून काही शिकायला मिळालं का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. तू बरी झाली नाहीस. तुझ्या कविता राहिल्या नाहीत. तुला ज्या गोष्टीनं आनंद व्हायचा ती तुझ्याआधी संपली, आणि ती संपली हे तुला कळलंही नाही. मैत्री आता दहावीला आहे. परवा ती एका ओळीचा अर्थ विचारायला आली. मी तोंड उघडलं आणि मला सांगता आलं नाही. म्हटलं, शाळेत विचार.

लोक अजून भेटतात. बसमध्ये, ऑफिसात. विचारतात, ताई कधी गेल्या? माझ्याही तोंडात तेच येतं, ताई गेली. पण गेली म्हटलं की तू कुठंतरी असशील असं वाटायला लागतं, आणि तू कुठंच नाहीस. तू हे ऐकलं असतंस तर लगेच विचारलं असतंस, कुठं गेली, कोणासोबत गेली.

म्हणून एक वचन देतो. तुझ्याबद्दल बोलताना मी कुठल्याही शब्दाच्या आडून बोलणार नाही. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, शालूलाही वाटते, तरी मी सरळ सांगीन, माझी बहीण मेली. एवढं तरी तुला समजलं असतं.

तुझा भाऊ,
मिलिंद